ॲस्परॅगस मोडू नका, सोला

मूळ प्रश्न असा आहे. एका ताईंनी बाणेरच्या दुकानातून ॲस्परॅगसच्या, म्हणजे लांब हिरव्या कोंबांच्या भाजीच्या, दोन जुड्या आणल्या. व्हिडिओत पाहिलं होतं तशी एकेक कांडी दोन्ही हातांनी वाकवून मोडली. जिथे मोडेल तिथून खालचं जून आणि वरचं कोवळं, हा त्या व्हिडिओतला नियम. त्यात निम्मी भाजी कचऱ्यात गेली. उरलेली परतली तर शेंड्यांचा लगदा झाला, आणि खालचे तुकडे चावून चावून दमलेल्या सासूबाईंनी विचारलं, "हे शेवग्यासारखं चोखून टाकायचं का?" ताईंना तीन गोष्टी विचारायच्या आहेत: नक्की कुठून कापायचं, चिरायचं कसं, आणि शनिवारी पाहुणे येणार आहेत तर शुक्रवारी रात्री चिरून ठेवलं तर चालेल का.

मी पुण्यात लहान प्रमाणावर केटरिंग करतो. त्याआधी हॉटेलच्या किचनमध्ये भाज्या निवडण्या-चिरण्याच्या कामावर होतो. तिथे आमच्या शेफची नजर फळीइतकीच कचऱ्याच्या डब्यावर असायची, आणि महागडी भाजी डब्यात दिसली की सगळ्यांसमोर बोलणी बसायची. त्यामुळे ॲस्परॅगसचा किती भाग वाया घालवायचा, यावर माझं जरा जास्तच ठाम मत आहे. उत्तर लांबेल.

सासूबाईंनी रोगाचं नाव बरोबर सांगितलंय: चोथा. तुम्ही कापायची जागा शोधताय, पण खरी अडचण अशी आहे की ही कांडी बुडापासून शेंड्यापर्यंत एकसारखी नसते. शेंडा दीड-दोन मिनिटांत शिजतो. मधल्या भागाला तीन-चार मिनिटं लागतात. बुडखा अर्धा तास उकळला तरी त्यातले दोरे तसेच राहतात. मोडण्याच्या नियमाने फार तर बुडखा बाजूला होतो, बाकीच्या फरकाचं काहीच होत नाही. मग सगळे तुकडे एका मापाचे करून एकदम कढईत टाकले, की शेंडे विरघळणार आणि खालचे कच्चे राहणार. तुमच्या परतण्यात दोष नव्हता. भाजी फळीवर असतानाच बिघडली होती.

हे समजायला ती कांडी म्हणजे काय, ते बघू. जमिनीखाली बहुवर्षायू गड्डा असतो आणि त्यातून दर हंगामात कोंब फुटतात. आपण खातो ते हे कोंब. लावल्यावर सुरुवातीची एक-दोन वर्षं कोंब काढत नाहीत, गड्डा जोमदार होऊ देतात. मग तीच लागवड दहा-पंधरा वर्षं उत्पन्न देत राहते. कोंब कापला नाही तर तो माणसाच्या छातीएवढा वाढतो आणि त्याचं विरळ, पिसासारख्या पानांचं झुडूप होतं. जर्मनीत २४ जूनला तोडणी थांबवायची परंपरा आहे ती याचसाठी, पुढच्या वर्षाची शिदोरी गड्ड्यात साठायला या झुडपाला वेळ मिळावा म्हणून. आता एवढं झुडूप उभं राहायचं तर कोंबाला बुडातून बळकट व्हावंच लागतं. म्हणून त्याचे दोरे बुडाकडून वर तयार होत जातात.

आणि कोंब कापल्यावरही हे काम थांबत नाही. लाकडाला टणकपणा देणारं लिग्निन कापलेल्या टोकापासून पुढे साठत जातं, शिवाय कोंबातली साखर भराभर खर्च होते. गारव्यात हे मंदावतं, म्हणून व्यापारी ही भाजी ० ते २ अंश सेल्सिअसला ठेवतात. उन्हाळ्यातल्या उकाड्यात मात्र सगळं झपाट्याने होतं. ताज्या जुडीचा बुडाकडचा दोन-तीन सेंटिमीटरचा भाग टाकावा लागेल, शिळ्या जुडीचा तिसरा हिस्सा. त्यामुळे "खालून इतके इंच कापा" असं कुणी सांगितलं तर सोडून द्या. त्यांच्या जुडीला ते लागू असेल, तुमच्या असेलच असं नाही.

(सासूबाईंनी पुढे शतावरीचं विचारलंच तर: दोन्ही एकाच प्रजातीतल्या, पण जाती वेगळ्या. औषधात शतावरीची मुळं वापरतात. ही भाजी आहे, भाजी म्हणूनच वाढा.)

विकत घेताना काय बघायचं ते आधी सांगतो, कारण अर्धी लढाई तिथेच होते. मंडईत घ्या, मार्केट यार्डात घ्या नाहीतर एसी दुकानात, पहिल्यांदा जुडी उलटी करून बुडखे बघा. ओलसर, फिकट, गुळगुळीत काप असेल तर चांगलं. वाळून तपकिरी झालेला, चिरा गेलेला किंवा आत ओढल्यासारखा दिसला तर ठेवून द्या. मग शेंडे. ते घट्ट मिटलेले हवेत. फुलारलेले, काळपट-ओले झालेले किंवा कुबट वास येणारे नकोत. भेंडीचं शेपूट मोडून बघायची आपली सवय इथे चालणार नाही, भाजीवाला तिथेच हात धरेल. दोन कांड्या एकमेकींवर हलक्या घासून बघा. ताज्या असतील तर करकर आवाज येतो.

जाडीबद्दल एक गैरसमज हटकून ऐकायला मिळतो: बारीक म्हणजे कोवळं आणि जाड म्हणजे जून. भेंडीला, गवारीला हे ठीक आहे. ॲस्परॅगसला नाही. इथे कोंब जमिनीतून वर येतो तोच बारीक किंवा जाड. नंतर तो उंच होतो, फुगत नाही. जाडी ठरते ती वाणावर आणि गड्ड्याच्या वयावर, जोमावर. उलट बारीक कांडीत साल जास्त, गर कमी, आणि ती सोलताही येत नाही. सोलायची तयारी असेल तर मी नेहमी जाड कांड्या घेतो. करंगळीएवढ्या किंवा त्याहून थोड्या जाड. फक्त एका जुडीतल्या सगळ्या साधारण सारख्या जाडीच्या बघा, नाहीतर शिजवताना पुन्हा तोच घोळ.

आणि मे महिन्यात जुडी स्कूटरच्या डिकीत टाकून मंडईतून बाणेर गाठू नका. डिकी तापते किती ते तुम्हाला माहीत आहे. ओल्या फडक्यात गुंडाळून पायाशी पिशवीत ठेवा. घरी आल्यावर आधी रबर काढा. रबराखाली ओल धरते आणि तिथूनच कांडी सडायला लागते. बुडाची पातळ चकती कापून टाका आणि कांड्या पेल्यात दोन-तीन सेंटिमीटर पाणी घेऊन फुलांसारख्या उभ्या ठेवा. वरून पिशवी सैल घालून पेला फ्रिजमध्ये. उभं ठेवायला जागा नसेल तर बुडाकडे ओलं फडकं गुंडाळून आडव्या ठेवल्या तरी दोनेक दिवस निघतात. धुवायचं मात्र शिजवायच्या वेळी. शेंड्याच्या खवल्यांत पाणी राहिलं की तो आधी जातो.

आता तुमच्या पहिल्या प्रश्नाकडे, कापायचं कुठून.

मोडण्याचा नियम मला का पटत नाही, ते तुम्ही स्वतः करून बघू शकता. एकाच जाडीच्या दोन कांड्या घ्या. एक अगदी बुडाशी आणि मध्यावर धरून वाकवा. दुसरी धरताना दोन्ही हात थोडे वर सरकवा. दोन्ही वेगवेगळ्या जागी मोडतील. म्हणजे कांडी कुठे मोडेल हे बरंचसं तुम्ही ती कुठे धरली यावर ठरतं, दोरे कुठे संपतात यावर नाही. त्यात कांडी थोडी मलूल असेल तर ती मोडतच नाही, वाकत जाते, आणि आपण वैतागून हात वर सरकवतो. निम्मी भाजी कचऱ्यात जाते ती अशी.

मी काय करतो? कांडी फळीवर आडवी ठेवतो आणि जागा शोधायला मुद्दाम बोथट सुरी घेतो, ब्रेडला लोणी लावायची असते तसली. धारदार सुरी इथे फसवते, ती निबर भागातूनही सहज जाते. बोथट सुरी बुडापासून सेंटिमीटरभर वर टेकवायची आणि नुसती दाबायची. करवतीसारखी मागेपुढे करायची नाही. साल दबली, सुरी अडली की अजून सेंटिमीटरभर वर. एका जागी ती कच्च आवाज करून आत उतरते. तिथे थांबा. तीच जागा. जुडीतल्या तीन-चार कांड्यांवर हे केलं की अंदाज येतो, मग बाकीच्या रांगेत लावून धारदार सुरीने एकदम कापता येतात. ताज्या जुडीत ही जागा तुमच्या कल्पनेपेक्षा बरीच खाली सापडेल.

विळी वापरणाऱ्यांसाठी: विळीवर कापणं उत्तम जमतं, अडलेलं बोटांना लगेच कळतं. पण पातं धारदार असेल तर तीच फसगत, म्हणून जागा सुरीनेच शोधा.

या जागेच्या वरही चार-पाच सेंटिमीटर भागाची साल चिवट असतेच. ती सोलायची. व्हिडिओवाले इथेच हात आखडतात. बुडाशी आडवा काप देऊन उजेडात धरून बघा. कडेला, सालीच्या लगेच आत, गडद रंगाचं चिवट कडं दिसेल. आतला गर फिकट आणि रसाळ. गरातही शिरा असतात, पण चोथा होतो तो मुख्यतः त्या कड्याचा. ते सोलाण्याने निघून गेलं की उरलेला गर शेंड्याखालच्या भागाइतकाच मऊ. म्हणजे मोडून तुम्ही जो तुकडा फेकला, त्यातला बराचसा खाण्यासारखा होता.

सोलताना कांडी हातात उभी धरू नका, हमखास मोडेल. पोळपाटावर किंवा उलट्या ताटावर आडवी ठेवा, शेंड्याच्या खाली डाव्या हाताची दोन बोटं टेकवा, आणि साधारण मध्यापासून बुडाकडे सोलाणं ओढा. दाब अगदी हलका. कांडी थोडी फिरवली, पुन्हा ओढलं. पहिल्या फेरीत पट्टी गडद हिरवी निघते. खाली फिकट हिरवा, ओला, चमकणारा गर दिसला की झालं, दुसरी फेरी नको. पट्टी ओढताना दोरीसारखी लांब आणि चिवट निघाली तर बुडाकडे अजून एकदा ओढा. पेन्सिलीपेक्षा बारीक कांड्या सोलायच्या भानगडीत पडू नका, हातात काही उरणार नाही. त्या थोड्या वरून कापा आणि पुढे व्हा.

खालच्या त्रिकोणी खवल्यांखाली कधी कधी रेती अडकते. खवला सुरीच्या टोकाने उचलला की निघतो. शेंड्यांतली रेती काढायला कांड्या शेंडा खाली करून पातेलंभर पाण्यात धरा आणि हलवा. पातेल्याचा तळ बघा, रेती दिसेनाशी होईपर्यंत पाणी बदला. मग फडक्यावर पूर्ण कोरड्या करा. ओली कांडी तव्यावर परतली जात नाही, वाफवली जाते.

दुसरा प्रश्न चिरण्याचा. माझ्या मते इथेच सगळा खेळ आहे. शेंडा चार-पाच सेंटिमीटरचा अखंड ठेवा, फार जाड असेल तर उभा दुभागा. मधल्या भागाचे तिरके काप करा, दोन-अडीच सेंटिमीटरचे. तिरक्या कापात आतला गर जास्त उघडा पडतो, उष्णता लवकर शिरते, फोडणी आणि मीठही चांगलं धरतं. आणि बुडाकडचा सोललेला भाग? त्याच्या पातळ गोल चकत्या, तीन-चार मिलिमीटरच्या. दोरे उभे असतात, आडवं कापलं की ते तेवढ्याच लांबीचे उरतात. तीन मिलिमीटरचा दोरा दाताला जाणवत नाही. अडीच सेंटिमीटरचा जाणवतो, आणि मग शेवग्याची आठवण येते.

अशी तीन मापं केली की दोन मार्ग आहेत. घाई असेल तर मधले काप आणि चकत्या आधी कढईत टाका आणि दीड-दोन मिनिटांनी शेंडे. किंवा तीन वाट्या वेगळ्या ठेवून पदार्थाप्रमाणे वापरा: शेंडे वर सजवायला, काप भाजीला, चकत्या पुलावात किंवा ऑम्लेटमध्ये.

अर्थात कसं चिरायचं ते शेवटी काय करायचंय त्यावर आहे. अख्खी कांडी बिडाच्या तव्यावर भाजायची असेल तर चिरायचा प्रश्नच नाही, पण मग सोलणं नीट हवं. कारण इथे दोऱ्यांना आडवं कापायची सोय राहिलेली नाही. कोशिंबिरीसाठी जाड कांडी आडवी ठेवून सोलाण्यानेच लांब पातळ फिती काढा. पाच मिनिटं थंड पाण्यात टाकल्या की त्या कुरकुरीत होऊन वळतात. निथळून दाण्याचं कूट, मिरची, लिंबू, वरून जिऱ्याची फोडणी. आमच्याकडे ही पहिल्यांदा संपते. पीठ पेरून भाजी मी करत नाही. बेसन शिजेपर्यंत झाकण ठेवावं लागतं आणि तेवढ्यात हिची रया जाते. त्यापेक्षा मोहरी-हिंगाच्या फोडणीवर मोठ्या आचेला परतून वरून ओला नारळ घाला.

शिजवण्याबद्दल फार सांगत नाही, कारण नीट चिरलेली भाजी फारशी बिघडत नाही. आच मोठी, झाकण नाही, लिंबू किंवा टोमॅटो अगदी शेवटी. आंबटात आणि फार वेळ उष्णतेत हिरवा रंग शेवाळी-तपकिरी होतो. रंग टिकावा म्हणून सोडा घालायला कोणी सांगितलं तर ऐकू नका. रंग राहील, पण भाजी विरघळेल. कुकरचं तर नावच नको.

पांढरा ॲस्परॅगस मिळाला, आपल्याकडे तो क्वचितच मिळतो, तर नियम बदलतो. तो मातीने झाकून उजेडाविना वाढवलेला असतो आणि त्याची साल शेंड्याखालपासून बुडापर्यंत चिवट असते. पूर्ण सोला, गरज पडली तर दोनदा, आणि दहा-पंधरा मिनिटं उकळत्या पाण्यात शिजवा. जांभळा असेल तर हिरव्यासारखाच वागवा. शिजल्यावर तो हिरवाच होतो, तेव्हा रंगासाठी जास्त पैसे देत असाल तर कच्चाच खा.

साली आणि बुडखे फेकू नका. चांगले धुवा, एक कांदा आणि चार मिरे घालून वीस मिनिटं उकळा, गाळा. सूपला किंवा पुलावाला हे पाणी छान लागतं. बुडखे मिक्सरमधून फिरवून थेट सूप करायचा मोह होईल. दोरे मिक्सरमध्ये नाहीसे होत नाहीत, बारीक केसांसारखे होऊन जिभेवर येतात. फिरवलंच तर बारीक गाळण्यातून चमच्याने दाबून गाळा.

अजून एक, घरातल्या मोठ्यांना आधीच सांगून ठेवा. ही भाजी खाल्ल्यावर काही तासांत लघवीला उग्र वास येतो. यातल्या गंधकयुक्त घटकाचं पोटात विघटन होतं, त्याचा तो वास. काहींना येतो, काहींना अजिबात जाणवत नाही. काळजीचं कारण नाही, पण न सांगता वाढलं तर सकाळी घरात उगीच डॉक्टरांचा विषय निघतो.

आता शनिवारचं. शुक्रवारी रात्री नुसतं चिरून ठेवू नका. कापलेली प्रत्येक बाजू वाळते आणि चिवट व्हायला लागते. त्याऐवजी शुक्रवारी सोला, तिन्ही मापांत चिरा आणि उकळत्या पाण्यातून काढून ठेवा. मोठं पातेलं, लिटरला साधारण दोन लहान चमचे मीठ, पाणी खळखळ उकळलेलं. आधी मधले काप आणि चकत्या, मिनिटभराने शेंडे, आणि त्यानंतर अजून एका मिनिटाने सगळं उपसून बर्फाच्या पाण्यात. आतपर्यंत गार झालं की लगेच काढा, पाण्यात मुरत ठेवू नका. फडक्यावर पसरून कोरडं करा, डब्यात तळाला कोरडं फडकं घालून फ्रिजमध्ये ठेवा. डबे दोन करा, शेंड्यांचा वेगळा, म्हणजे ते दबणार नाहीत. दुसऱ्या दिवशी पाहुणे पानावर बसले की कढई तापवा, तूप किंवा लोणी, चार लसूण पाकळ्या ठेचून, आधी काप-चकत्या, अर्ध्या मिनिटाने शेंडे, अजून मिनिटभर. मीठ चाखूनच घाला, पाण्यातलं थोडं मुरलेलं असतं. लिंबाच्या फोडी पानात वाढा, कढईत पिळू नका.

दोन जुड्यांत चारजणांची भाजी होईल. सहाजण असतील तर तिसरी आणा किंवा जोडीला कोवळे मटार घाला.